क्षणजीवी वायू आणि गर्भाची रुजवण

(यवतमाळ येथील एका स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



नायट्रिक ऑक्साइड नामक वायूचा आणि गर्भाशयात गर्भ रुजण्याचा संबंध हा आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळविला, तेव्हा या मालेच्या चालकांनी मोठ्या सौजन्याने, पण काहीशा काळजीने मला विचारले की, हा विषय ऐकावयास यवतमाळात किती मंडळी जमतील आणि जमलेल्यांपैकी किती अखेरपर्यंत बसतील. त्यांची शंका रास्त होती. तथापि ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर जे प्रश्न वर्षानुवर्षे येऊन बसत असतील त्यांत ‘हिला दिवस का राहत नाहीत?’ हा प्रश्न खचित असणार. आणि तो विचारताना बोट कोणाकडे दाखविले जाते, हेही आपणां सर्वांस ठाऊक आहे. तो प्रश्न आणि हा वायू यांच्यामधील अंतर विज्ञानाने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पुष्कळच कमी केले असून, त्या वाटेवर आपल्या जिल्ह्यातील एका दुःखद प्रसंगाशी, नागपूरच्या एका प्राणिशास्त्र विभागाशी आणि मुंबईच्या परळ भागाशी गाठ पडते, म्हणून मी हा विषय हट्टाने कायम ठेवला.

प्रथम वायूची ओळख. महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक केलेल्या कोणासही आठवेल की, तांब्याच्या तुकड्यांवर सौम्य नायट्रिक आम्ल ओतले असता एक रंगहीन वायू निघतो आणि हवेचा स्पर्श होताच तपकिरी होतो. जोसेफ प्रीस्टलीने १७७२ च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा तो आकाशात तयार होतो, आणि नागपूर रस्त्याने धावणाऱ्या मालमोटारींच्या धुरातही तो असतोच. सुमारे दोन शतके रसायनशास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद विषारी आणि उपद्रवी वायू अशीच राहिली; मनुष्याचे शरीर हा वायू स्वतः निर्माण करते, आणि तेही अपघाताने नव्हे तर ठरलेल्या स्थळी, ठरलेल्या वेळी व ठरलेल्या प्रमाणात, असे साठ वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर सांगणाराच्या विद्वत्तेविषयी लोकांस शंका आली असती.

तो शोध कसा लागला हे सांगण्यासाठी मला २०१७ च्या कपाशीच्या हंगामाकडे वळावे लागते. त्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात पऱ्हाटी माणसाच्या खांद्याला लागली असताना पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल होऊ लागले, आणि हंगाम सरेपर्यंत जिल्ह्यात वीसाहून अधिक माणसे दगावली. फवारलेल्या औषधांच्या मिश्रणांत ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकेही होती. त्या वर्गाचा विषार म्हणजे काय, हे शरीरशास्त्राच्या भाषेत असे सांगता येते: आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी असिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्रवते, त्याचे काम झाले की एक विशिष्ट विकर त्याचा तत्काळ निकाल लावते, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट नेमके त्या विकरालाच निकामी करते, परिणामी असिटिलकोलीन साचत जाते, तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वासनलिका स्रावाने भरून जाते, आणि वेळीच अॅट्रोपीन न मिळाल्यास रोगी श्वासाअभावी प्राण सोडतो. ज्या द्रव्यावाचून आपले हृदय आणि आतडी एक दिवस नीट चालणार नाहीत, तेच द्रव्य मुदत संपल्यावरही रेंगाळले तर माणूस जातो. आजच्या विषयाचे मर्म यातच आहे: द्रव्य औषध की विष, हे ठरते ते त्याच्या मात्रेने, स्थळाने आणि मुदतीने.

आता हेच असिटिलकोलीन न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन येथे रॉबर्ट फर्चगॉट या औषधशास्त्रज्ञाच्या प्रयोगपात्रात होते. सशाच्या महारोहिणीची पट्टी कापून तिच्यावर ते टाकले असता पट्टी आखडते, असे त्याला वर्षानुवर्षे दिसत आले होते; वास्तविक जिवंत प्राण्यात तेच द्रव्य रक्तवाहिन्यांना सैल करते. ही विसंगती त्याला छळत होती. १९७८ मध्ये त्याच्या सहायकाने प्रयोगाचा ठरलेला क्रम चुकविला आणि अनपेक्षितपणे रक्तवाहिनी आखडण्याऐवजी सैल झाली. त्याचा पाठपुरावा करता करता फर्चगॉटच्या ध्यानी आले की, पट्टी कापताना रक्तवाहिनीचे आतले अतिनाजूक अस्तर आजवर घासले जात होते, आणि ते अस्तर शाबूत असले तरच असिटिलकोलीन वाहिनीला सैल करते. म्हणजे हे द्रव्य स्नायूला स्वतः काही सांगत नाही; ते अस्तराला सांगते, आणि अस्तरातून दुसरेच काही तरी निघून स्नायूपर्यंत जाते. १९८० मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने हे ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केले. ते ‘दुसरेच काही तरी’ कोणते, याचा छडा लागण्यास आणखी सहा-सात वर्षे गेली. १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे सुचविले की ते नायट्रिक ऑक्साइड असावे, आणि १९८७ मध्ये इंग्लंडात साल्व्हादोर मोंकादा यांच्या चमूने त्याचा निर्णायक पुरावा दिला. फेरिड मुराद यांनी तर १९७७ मध्येच दाखविले होते की, छातीत कळ आल्यावर देतात ते नायट्रोग्लिसरीन शरीरात हाच वायू सोडते. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले; मोंकादा वगळले गेले, याची हळहळ अनेकांना वाटली आणि मलाही वाटते. नायट्रोग्लिसरिनापासून सुरुंगाची दारू बनवून ज्याने अमाप द्रव्य मिळविले त्या आल्फ्रेड नोबेलला आयुष्याच्या अखेरीस वैद्यांनी हृदयविकारावर नायट्रोग्लिसरीनच सांगितले होते, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

हा वायू शरीरात तयार होतो तो आर्जिनीन नामक अमिनो आम्लापासून, आणि तो तयार करणारी विकरे तीन प्रकारची आहेत: एक मज्जापेशींत सापडणारे, एक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात सापडणारे, आणि तिसरे दाह वा संसर्ग झाला असता जागे होणारे. पहिली दोन थोड्या मात्रेत आणि थोडा वेळ वायू निर्माण करतात. तिसरे एकदा सुरू झाले की पुष्कळ मात्रेत आणि दीर्घ काळ करीत राहते. संप्रेरके ग्रंथींत साठवून ठेवता येतात, हा वायू साठविता येत नाही. त्याला पेशीची भिंत अडवीत नाही. आणि त्याचे आयुष्य काही सेकंदांचे असल्यामुळे जिथे निर्माण झाला त्या परिसरातच त्याचा अंमल चालतो. शेजारच्या पेशीत शिरून तो एका लोहयुक्त विकराला चिकटतो, त्यापासून सायक्लिक जीएमपी नावाचे द्रव्य वाढते, आणि स्नायू सैल पडून रक्तवाहिनी रुंदावते. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला पाहता पाहता गिळून टाकते, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण सिकलसेलग्रस्त विदर्भात त्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे.

इतके झाल्यावर गर्भाकडे वळतो.

बीजवाहिनीत शुक्राणू आणि स्त्रीबीज यांचा संयोग झाला म्हणजे गर्भधारणा झाली, अशी सामान्य समजूत असते. परंतु तेथून खरा प्रवास सुरू होतो. विभागत विभागत तो पेशीपुंज तिसऱ्या-चौथ्या दिवशी गर्भाशयात उतरतो, पाचव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या आत द्रव साचून तो पोकळ होतो, आणि या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. मग तो आपले बाह्य आवरण फोडून बाहेर येतो आणि गर्भाशयाच्या अंतःस्तराला चिकटून त्यात शिरू लागतो. अमेरिकेत विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भ राहावा म्हणून प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांच्या मूत्राचे रोजच्या रोज परीक्षण करून १९९९ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो मला फार बोलका वाटतो. टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के बीजमोचनानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकरच गळून गेले. दहाव्या दिवशी रुजलेल्यांत हे प्रमाण २६, अकराव्या दिवशी ५२, आणि त्यानंतर ८२ टक्के. म्हणजे नवव्या दिवसाहून दोन दिवसांचा उशीर झाला की निम्म्याहून अधिक गमावले.

हे आपल्या जिल्ह्यातील कास्तकाराला समजावून सांगावे लागत नाही. मृगाचा पाऊस पडून काळी जमीन भिजली म्हणजे लगेच सरकी टोबता येत नाही, पाय रुततात. फार थांबले तर वरचा थर कडक होतो. मधले जे थोडे दिवस असतात त्यांना आपण वाफसा म्हणतो, आणि वाफसा चुकला तर बियाणे कितीही दामदुपटीचे असो, दुबार पेरणी कपाळी येते. गर्भाशयाच्या अंतःस्तराला असाच वाफसा असतो. पीतपिंडातून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे तो अंतःस्तर जाड, रक्ताळ आणि मऊ होतो. पाळीच्या अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात साधारणतः विसाव्यापासून चोविसाव्या दिवसापर्यंत तो गर्भाला स्वीकारतो, आणि त्याच्या आधी किंवा नंतर नाकारतो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भोत्पत्तीला ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चार गोष्टी आवश्यक सांगितल्या आहेत, आणि गर्भोपनिषदात सात रात्रींनी गर्भ बुडबुड्यासारखा होतो असे वर्णन आहे. ब्लास्टोसिस्टही पोकळच असतो, हे खरे; परंतु त्यावरून आमच्या ऋषींना सर्व आधीच ठाऊक होते अशी हाकाटी करणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. निरीक्षणाचा आदर करावा, त्याला सूक्ष्मदर्शक चिकटवू नये. मला सुश्रुताचे एकच महत्त्वाचे वाटते: चार घटकांत त्याने ऋतूला, म्हणजे समयाला, प्रथम स्थान दिले. त्याच्यामागून आलेल्या समाजाने मात्र चारांतून ‘क्षेत्र’ तेवढे उचलले, ते स्त्रीच्या माथी मारले, आणि उरलेल्या तिन्ही गोष्टींचा हिशेब मागण्याचे सोडून दिले.

रुजवणीच्या शास्त्राचा एक उत्तम अध्याय आपल्या विदर्भात लिहिला गेला आहे, आणि तो विदर्भालाच फारसा माहीत नाही. नागपूरच्या विज्ञान संस्थेच्या प्राणिशास्त्र विभागात प्राध्यापक ए. गोपालकृष्ण यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे वटवाघळांच्या भ्रूणशास्त्राचा अभ्यास आरंभिला, आणि पुढे के. बी. करीम आदी सहकाऱ्यांसह तो कित्येक दशके चालविला. पडक्या देवळांतून आणि गुहांतून मिळालेल्या प्राण्यांच्या गर्भाशयांचे पातळ काप करून, गर्भ कोणत्या बाजूला चिकटतो, त्याची पेशींची गाठ गर्भाशयाच्या कोणत्या भिंतीकडे तोंड करते, वार कशी बांधली जाते, याची त्यांनी जातवार नोंद केली. वटवाघळांच्या काही जातींत गर्भाशयाची दोन शृंगे असूनही गर्भ नेहमी एकाच ठराविक शृंगात रुजतो; गर्भाची दिशाही कुळाकुळानुसार ठरलेली असते. आडव्यातिडव्या पडलेल्या बीजाला असा हुकूम कोण देतो? गर्भ आणि भिंत यांच्यात रुजण्यापूर्वीच काही जाबसाल होतो, असेच मानावे लागते. युरोपातील मिनिओप्टेरस या वटवाघळात तर शरद ऋतूत फलन होऊनही गर्भ हिवाळाभर रुजण्यावाचून थांबून राहतो. तेथील एका जातीच्या हरिणात तो चार-पाच महिने थांबतो, हे बिशॉफने १८५४ मध्येच सांगितले होते. जिवंत गर्भ आहे, गर्भाशय आहे, आणि तरी रुजणे नाही. याचा अर्थ परवाना निराळा मिळावा लागतो.

तो परवाना एकाच द्रव्याचा नसून अनेकांच्या सह्यांचा आहे, आणि त्यांतील एक सही नायट्रिक ऑक्साइडची आहे, हे १९९० नंतरच्या दशकात पुढे आले. त्याच्या आधी, १९६० च्या सुमारास, सायकॉयोस या शास्त्रज्ञाने एक सुंदर प्रयोग केला होता: गर्भ रुजण्याच्या सुमारास मादी उंदराच्या शिरेत निळा रंग टोचला असता गर्भाशयावर मण्यांसारखे निळे ठिपके उमटतात, कारण ज्या ज्या जागी गर्भ चिकटू लागला आहे त्या त्या जागी केशवाहिन्या पाझरू लागलेल्या असतात. डोळ्यांना गर्भ दिसण्यापूर्वी त्याची जागा दिसते. रक्तवाहिन्या रुंदावणे आणि पाझरणे हे तर नायट्रिक ऑक्साइडचे नित्याचे काम. तेव्हा शोध घेणाऱ्यांनी त्या ठिपक्यांच्या जागी वायू निर्माण करणारी विकरे तपासली, आणि उंदरांच्या जातींत ती रुजण्याच्या जागी दोन जागांमधील मोकळ्या भागापेक्षा अधिक आढळली. कोलकात्याच्या बिश्वास, कबीर आणि पाल यांनी १९९८ मध्ये दाखविले की, पांढऱ्या उंदरात या विकरांना रोधणारे द्रव्य वापरले असता रुजणाऱ्या गर्भांची संख्या घटते. पुढच्याच वर्षी ख्वालिश, गारफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले: हे रोधक द्रव्य आणि प्रोजेस्टेरॉनला विरोध करणारे द्रव्य, दोन्ही इतक्या अल्प प्रमाणात दिली की एकेकट्याने फारसे काही होऊ नये, परंतु एकत्र देताच रुजवण जवळजवळ संपूर्ण थांबली. संप्रेरक आणि वायू हे एकमेकांच्या पाठीशी उभे राहून काम करतात, हा त्याचा अर्थ.

वायू केवळ गर्भाशयच निर्माण करते असेही नाही. उंदराचा चार-आठ पेशींचा गर्भ स्वतः नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतो, असे १९९८ मध्ये दाखविले गेले. त्याची निर्मिती अडविली तर गर्भाची वाढ खुंटते. उलट बाहेरून वायूचा पुरवठा वाढविला तरीही वाढ खुंटते. अतिरिक्त वायू शरीरातील सुपरऑक्साइडशी संयोग पावून पेरॉक्सिनायट्राइट नावाचे अत्यंत दाहक द्रव्य बनवितो, आणि त्याने पेशी जळतात. दाह होताच जागे होणारे ते तिसरे विकर येथे उपकारकर्त्याऐवजी अपकारकर्ता ठरते. एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे अंतःस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार, असलेल्या रोग्यांत उदरपोकळीतील पेशी हा वायू अधिक प्रमाणात सोडतात असे आढळले आहे, आणि त्या स्त्रियांना दिवस राहण्यास अडचण का पडते याच्या अनेक कारणांत हेही एक असू शकेल. मात्र ‘असू शकेल’ यापुढे मी जाणार नाही.

येथे एका पेचाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वकिलाने आपल्या पक्षाला अडचणीचा दस्तऐवज लपवू नये. तीन विकरांपैकी कोणत्याही एकाचे जनुक काढून टाकलेले उंदीर प्रयोगशाळांत तयार केले गेले आहेत. ते मरत नाहीत. त्यांना पिलेही होतात, कुठे थोडी कमी, कुठे थोडी अशक्त. मग वायू अनिवार्य कसा? २००५ मध्ये जपानात तिन्ही जनुके काढलेले उंदीर तयार झाले, तेही जगले, परंतु त्यांची प्रजननक्षमता पुष्कळच घटलेली होती. निसर्गाने या कामाची तजवीज एकाच कारकुनावर सोपविलेली नाही. एक गैरहजर राहिला तर दुसरा त्याचा अंमल चालवितो, आणि सर्वच गैरहजर राहिले तरी कामकाज रखडत का होईना चालते. म्हणून ‘गर्भ रुजण्याचे रहस्य नायट्रिक ऑक्साइड’ अशा मथळ्याखाली जो लेख येईल, तो मी वाचावयास घेणार नाही.

माणसाविषयी आपणांस फार थोडे ठाऊक आहे, आणि त्याचे कारण साधे आहे: स्त्रीच्या शरीरात गर्भ रुजत असताना तो पाहता येत नाही, आणि तसा प्रयत्न करणे नीतीला धरून नाही. २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळांनी मानवी गर्भ शरीराबाहेर बारा-तेरा दिवसांपर्यंत वाढविला. चौदा दिवसांची आंतरराष्ट्रीय मर्यादा आल्यामुळे तेथे थांबावे लागले, आणि आपल्याकडेही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे तीच मर्यादा घालतात. त्या प्रयोगांत गर्भ होता, पण गर्भाशय नव्हते.

मानवी रुजवणीचे दुबळेपण प्रकर्षाने लक्षात आणून दिले ते नलिकाबालकांच्या तंत्राने. जगातील पहिली नलिकाबालिका २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात जन्मली; त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कोलकात्यात सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने दुसरी जन्मली, परंतु सरकारी चौकशीने त्यांना खोटे ठरविले आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. महाराष्ट्रात ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा चावडा हिचा जन्म झाला, आणि त्यामागे परळच्याच प्रजनन-संशोधन संस्थेचे टी. सी. आनंदकुमार यांचे प्रयोगशाळेतील परिश्रम होते. पुढे याच आनंदकुमारांनी मुखर्जींची टिपणे वाचून १९९७ मध्ये जाहीर केले की भारतातील पहिलेपणाचा मान आपला नसून मुखर्जींचा आहे. आपल्या विद्वत्क्षेत्रात असा दाखला विरळा, म्हणून विषयांतर करूनही सांगितला. त्या दिवसापासून आजपर्यंत फलन घडविण्याची कला फार पुढे गेली, निरोगी दिसणारा गर्भ काचपात्रात वाढविताही येऊ लागला. पण तो गर्भाशयात ठेवल्यावर बहुसंख्य वेळा रुजत नाही, ही अडचण मात्र हटलेली नाही.

साहजिकच वैद्यांच्या मनात आले की, वायू कमी पडत असेल तर तो पुरवावा. फ्रान्समध्ये पूर्वी गर्भ न रुजलेल्या १३८ स्त्रियांवर नायट्रोग्लिसरिनाच्या चिकटपट्ट्या वापरून २००२ मध्ये रीतसर तुलनात्मक चाचणी झाली. फायदा आढळला नाही. इटलीत आर्जिनीन दिले गेले: बीजकोश मंद असलेल्या स्त्रियांत प्रथम आशादायक वाटले, परंतु २००२ मध्ये इतर स्त्रियांवर काटेकोर चाचणी केली तेव्हा गर्भांची प्रत आणि यशाचे प्रमाण उलट घसरल्याचे दिसले. वायूपासून निघालेल्या संदेशाचे आयुष्य वाढविणारे सिल्डेनाफिल हे औषध अमेरिकेत २००० मध्ये चार स्त्रियांना दिले गेले आणि तिघींना दिवस गेले. चार स्त्रियांवरून काही सिद्ध होत नाही हे ते लिहिणाऱ्यांसही ठाऊक होते, पण वाचणाऱ्यांस त्याचे भान राहिले नाही. हेच औषध नेदरलंड्समध्ये गर्भाची वाढ अत्यंत खुंटलेल्या मातांना दिले जात असताना जुलै २०१८ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेतलेल्या गटातील ११ बालके बहुधा फुप्फुसांच्या विकाराने दगावली होती. ती अवस्था निराळी, गर्भ मोठा, आजार निराळा. तरीही सैल करणारे औषध कोठेही दिले तरी भलेच करील, या समजुतीला तो जबर तडाखा होता. आर्जिनिनाच्या पुड्या आज तालुक्याच्या गावातील औषधांच्या दुकानांतही मिळतात, आणि महिन्याच्या मजुरीचा मोठा हिस्सा त्यांत जातो. त्या देऊ नयेत असा हुकूम मी काढू शकत नाही. मात्र घेण्यापूर्वी, या पुडीने माझ्यासारख्या किती स्त्रियांना मूल झाले आणि न घेणाऱ्या किती जणींना झाले, असे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क प्रत्येक जोडप्याला आहे.

कोणी म्हणेल, आमच्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट भरपूर आहे, मग वायूची वाण कशी? केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या अहवालात अधिक नायट्रेट असलेल्या ज्या १५ जिल्ह्यांची नावे दिली त्यांत वर्धा, अमरावती आणि बुलढाणा यांच्यासह यवतमाळही आहे. पालकासारख्या भाजीतील नायट्रेटापासून तोंडातील जिवाणूंच्या साहाय्याने शरीर थोडा वायू बनविते, हे खरे. परंतु लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेले पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मिसळले तर त्याचे रक्त प्राणवायू वाहण्यास असमर्थ होते आणि बाळ निळे पडते. खतांच्या अतिवापराला गर्भधारणेचे साधन मानण्याइतके आपण भोळे नाही, अशी मला आशा आहे. आणि ज्यांच्या रक्तात सिकलसेल आहे त्यांच्या फुटक्या तांबड्या पेशींतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन या वायूचा सतत फडशा पाडते, त्यामुळे त्या स्त्रियांची गर्भावस्था विशेष देखरेखीची असते; विवाहापूर्वीची एक साधी रक्ततपासणी त्यांच्याबाबत कोणत्याही पुडीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

मूल न होण्याची आपल्याकडची पुष्कळ कारणे वायूपेक्षा फार स्थूल आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी करून जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि त्यापूर्वी स्त्रीरोगासाठी तपासल्या गेलेल्या होत्या फक्त ८ टक्के. जननमार्गाचा क्षय गर्भाशयाचा अंतःस्तर आतून नासवून टाकतो, आणि अनेकदा ताप नाही, खोकला नाही, केवळ मूल होत नाही, एवढेच त्याचे लक्षण असते. झरीच्या किंवा मारेगावच्या पाड्यावरील स्त्रीला पाळी कशी आहे, अंगावर पांढरे जाते का, ओटीपोट दुखते का, असे कोणी बसून विचारले, रक्त तपासले, क्षयाचा संशय असल्यास तशी तपासणी करविली, म्हणजे अर्धे काम तेथेच होते. त्यानंतरच्या तपासण्या नागपूरला किंवा सेवाग्रामला होऊ शकतात.

आणि त्या सर्वांच्या आधी जी तपासणी व्हावी ती नवऱ्याची. मूल न होण्यात पुरुषाचा वाटा स्त्रीच्या वाट्याहून फारसा कमी नसतो, हे स्त्रीरोगतज्ज्ञ किती वर्षे सांगत आले आहेत; रेतपरीक्षणाला शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, दाखल होणे नाही, आणि निकाल बहुधा दुसऱ्या दिवशी हातात येतो. बायकोला देवऋषीकडे, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला आणि मग नागपूरला घेऊन जाणारा गृहस्थ हा एक दिवस काढण्यास का कचरतो, ते मी जाणतो. पण तो काढीपर्यंत तिच्या गर्भाशयातील वायूविषयी त्याच्याशी चर्चा करण्याचे मला काही कारण दिसत नाही.